मराठवाड्यात राहून बी.एफ.ए. : चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचे परीक्षण

मी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात वाढले आणि मराठवाड्यातल्याच एका जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या खासगी महाविद्यालयातून रेखा व रंगकला या विषयात बी.एफ.ए. (बॅचलर ऑफ फाइन आर्ट) केले. पदवी हाती येऊन आता तीन वर्षे झाली. दर वर्षी बारावीचा निकाल लागला की नात्यातून, गावाकडून आणि माझ्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शालेय चित्रकला परीक्षांच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलांच्या पालकांकडून एकच विचारणा होते : हा कोर्स घ्यावा का, आणि आपल्या भागातच घ्यावा का? फोनवर पाच मिनिटांत दिलेल्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही, म्हणून चार वर्षांत काय मिळाले आणि काय मिळाले नाही ते येथे सविस्तर लिहीत आहे. महाविद्यालयाचे नाव लिहिण्याचे मी टाळले आहे, कारण ज्या उणिवा सांगणार आहे त्या एकट्या त्याच संस्थेत आहेत असे नाही, आणि ज्या शिक्षकांनी मला पाहायला शिकवले त्यांच्याकडे कोणी त्या उणिवांवरून बोट दाखवावे असे मला वाटत नाही.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. आपल्याकडे चित्रकलेचे शिक्षण म्हटले की घरातल्या वडीलधाऱ्यांना ए.टी.डी. आठवते, कारण त्यांनी जवळून पाहिलेला चित्रकार म्हणजे शाळेतले ड्रॉइंगचे सर. ए.टी.डी. ही दोन वर्षांची कलाशिक्षक पदविका आहे. ती, फाउंडेशन आणि जी.डी. आर्ट हे राज्य पातळीवरचे पदविकेचे अभ्यासक्रम आहेत, तर बी.एफ.ए. ही विद्यापीठाची पदवी असून बारावीनंतर चार वर्षांची, आठ सत्रांची आहे. बारावी कोणत्याही शाखेतून केलेली चालते. शासकीय कला महाविद्यालयांतल्या जागांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची ए.ए.सी. सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यात वस्तुचित्र (समोर मांडलेल्या वस्तू पाहून), स्मरणचित्र (एखादा प्रसंग आठवून) आणि संकल्पचित्र (डिझाइन) हे हाताने काढायचे पेपर असतात आणि सामान्य ज्ञानाचा एक पेपर असतो. मी सीईटीत मागे पडले, कारण स्मरणचित्राची तयारी मी मोबाइलवरची चित्रे पाठ करून केली होती आणि प्रत्यक्ष परीक्षेत रोजच्या जगण्यातला साधा प्रसंग समोर आल्यावर उभ्या माणसाचे वजन कोणत्या पायावर पडते हेच मला आठवेना. खासगी महाविद्यालयात प्रवेश घेण्याआधी पदवी नेमकी कोणत्या विद्यापीठाची मिळणार आणि प्रवेशाची रीत काय आहे, हे कागद पाहून खात्री करून घ्यावे. माहितीपत्रकावर ‘फाइन आर्ट’ हे शब्द मोठ्या अक्षरांत असले म्हणून ती पदवीच असते असे नाही.

पहिले वर्ष सर्वांना समान असते आणि माझ्या मते चार वर्षांतले सर्वांत मोलाचे वर्ष तेच. त्यात वस्तुचित्र, निसर्गचित्र, द्विमित आणि त्रिमित संकल्पन, अक्षरांकन असे विषय असतात. मुले ते उरकण्याच्या मागे असतात, कारण त्यांना लवकर कॅनव्हासपर्यंत पोहोचायचे असते. माझेही तसेच होते. पहिल्या आठवड्यात टेबलावर पितळी तांब्या, दोन वांगी आणि चुण्या पाडून टाकलेला पांढरा पंचा मांडला होता. तांब्या मी लहानपणापासून रोज हाताळलेला, त्यामुळे तो काढणे सोपे आहे असे मी धरून चालले होते. दोन तासांत चित्र पूर्ण झाले, पितळेची चकाकीसुद्धा आली, आणि तरीही कागदावरचा तांब्या टेबलावर काही केल्या बसत नव्हता. सर माझ्या शेजारी आले. कला महाविद्यालयात ज्या लांबट बाकावर घोड्यावर बसल्यासारखे बसून पुढच्या दांडीला बोर्ड टेकवतात त्याला डाँकी म्हणतात. त्या डाँकीवरून त्यांनी मला उठवले, स्वतः बसले, हात ताठ करून पेन्सिल डोळ्यासमोर धरली आणि कागदाच्या समासात एकाखाली एक तीन लंबगोल काढले. तोंडाचा लंबगोल चपटा होता, पोटाचा त्याहून उघडा होता आणि बुडाचा रुंदीने लहान असूनही सर्वांत उघडा होता. मी बूड सरळ रेघेने काढले होते, कारण तांब्या सपाट जागेवर ठेवलेला असतो हे मला माहीत होते. वस्तूचा गोल डोळ्याच्या पातळीपासून जितका खाली, तितका तो अधिक उघडा दिसतो. दिसत होते तेही तसेच, पण मी पाहिले नव्हते. दहा वर्षे मी वस्तू न पाहता तिच्याविषयीची माहिती कागदावर उतरवत होते, हे त्या दुपारी माझ्या लक्षात आले. त्या तीन लंबगोलांचा कागद मी अजून जपून ठेवला आहे.

असे बोर्डाशी येऊन बसणारे शिक्षक आमच्याकडे दोनच होते. बाकीचे बहुतेक तासिका तत्त्वावर नेमलेले होते, दुसऱ्या गावाहून एसटीने ये-जा करणारे, आणि तास संपला की पुढच्या महाविद्यालयाच्या तासासाठी निघणारे. त्यांच्यापैकी काही जण स्वतः उत्तम चित्रकार होते, आणि त्यांना मिळणारे मानधन व त्यांची दर वर्षी नव्याने होणारी नेमणूक पाहता त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. पण विद्यार्थ्याचे नुकसान व्हायचे ते होतेच. वस्तुचित्र, शरीरअभ्यास आणि रचनाचित्र हे विषय तासाच्या घंटेवर शिकवता येत नाहीत. चित्र जेथे बिघडते तेथे शिक्षक उपस्थित असावा लागतो, आणि ते बिघडते कधी, तर तिसऱ्या-चौथ्या तासाला, जेव्हा पहिला उत्साह संपतो आणि हात सवयीने चालू लागतो. आमच्याकडे त्या वेळेला वर्गात बहुधा कोणीच नसे. असाइनमेंट संध्याकाळी गोळा होत, त्यांवर लाल पेनने सही होई, आणि ‘टोन वाढवा’, म्हणजे छटा गडद करा, एवढाच शेरा मिळे. टोन नेमका कुठे वाढवायचा हे ज्याला कळते त्याला तो शेरा लागत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याला त्याचा उपयोग होत नाही.

माझी सर्वांत मोठी तक्रार मात्र कुलपाबद्दल आहे. आमचा स्टुडिओ सायंकाळी पाच वाजता बंद होत असे. सुट्टीच्या दिवशी तो उघडतच नसे, आणि परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे सोडले तर किल्ली मागण्यासाठी अर्ज लिहावा लागे. प्रशासनाच्या दृष्टीने ही शिस्त असेल; रंगकलेच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने निम्मा अभ्यासक्रम कुलपाआड राहतो. तैलरंग जलरंगासारखा पाणी उडून वाळत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होते आणि त्याच्या पातळ थरालाही काही दिवस लागतात, तोपर्यंत चित्र कोणाचा धक्का लागणार नाही अशा हवेशीर जागी उभे राहावे लागते आणि मधूनमधून दुरून पाहावे लागते. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही तिघी राहत होतो. टर्पेंटाइनच्या वासाने एकीचे डोके दुखायचे, कॅनव्हास पलंग आणि कपाट यांच्यामध्ये ठेवावा लागायचा, आणि ज्या चित्रापासून दहा पावले मागे सरकून पाहायला हवे ते मी हातभर अंतरावरून पूर्ण करायची. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या सगळ्या चित्रांत मागची जागा गुदमरल्यासारखी दिसते, आणि त्याचे कारण मला आता स्पष्ट कळते.

मॉडेलच्या बाबतीतही हेच घडले. व्यक्तिचित्रासाठी समोर बसणारा माणूस लागतो आणि त्याला दिवसाचे पैसे द्यावे लागतात. आमच्याकडे ती तरतूद वर्षाच्या शेवटी जागी व्हायची, त्यामुळे वर्षभर आम्ही फोटोवरून चेहरे काढले आणि परीक्षेच्या तोंडावर अचानक जिवंत माणूस समोर आला. पहिल्यांदा आले ते आठवडी बाजारात दोर विकणारे एक आजोबा होते. त्यांच्या डोक्याला गुलाबी पटका होता. फोटोत पटका म्हणजे रंगाचा एक गोळा असतो. समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर मात्र प्रत्येक पीळ कुठून निघतो, कोणत्या पिळाखाली शिरतो आणि कानाच्या वर सैल पडून सावली कशी पाडतो, हे दिसू लागते. दर वीस मिनिटांनी ते उठून पाय मोकळे करत आणि परत बसताना मान नेमकी त्याच कोनात आणत. ही समज त्यांना कोणी शिकवली नव्हती. शेवटी त्यांनी सगळ्यांचे कागद एकेक करून पाहिले आणि एका मुलाच्या चित्रासमोर थांबून म्हणाले, “हे आमच्या थोरल्या भावावानी झालंय.” तो मुलगा जबड्याचे हाड चुकला होता, चूक त्यांनी बरोबर हेरली होती. असे दिवस चार वर्षांत मला मोजकेच मिळाले. प्रवेशाआधी मी कोणाला हे विचारले असते, तर कदाचित निर्णय वेगळा घेतला असता.

साहित्याच्या खर्चाविषयी पालकांना आधी कल्पना देणारे कोणी भेटत नाही. महाविद्यालयाचे शुल्क संस्थेनुसार आणि प्रवर्गानुसार वेगळे असते आणि महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती किंवा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांसारख्या योजनांचा आधार पात्र विद्यार्थ्यांना मिळू शकतो. परंतु कागद, रंग, ब्रश, बोर्ड, कॅनव्हास आणि पोर्टफोलिओ यांचा खर्च घरातूनच करावा लागतो. आमच्या अप्पांनी एका वर्षी सोयाबीनची पट्टी आल्यावर माझ्या रंगांचे पैसे दिले, हे मी विसरू शकत नाही. म्हणून अनुभवाने शिकलेल्या दोन-तीन गोष्टी सांगते. जलरंगात पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवावेत, कागदात वाचवू नयेत. कॅमलचे विद्यार्थी दर्जाचे रंग चांगल्या, जाड कागदावर नीट वागतात. पण महागडा रंगसुद्धा पातळ कागदावर फुगतो आणि कागद लाटेसारखा वाकतो. पूर्ण इम्पिरियल कागद २२ बाय ३० इंचांचा असतो, त्याचे चार भाग केले की सरावाला पुरेसा आकार मिळतो. तैलरंगाच्या सरावासाठी तयार कॅनव्हास घेण्याऐवजी सुताराकडून चौकट करून घ्यावी, तिच्यावर मांजरपाट ताणावा आणि खळ व पांढऱ्या रंगाचे दोन-तीन हात द्यावेत. निम्म्याहून कमी पैशांत काम होते आणि पृष्ठभाग कसा तयार होतो हेही कळते. जिल्ह्याच्या गावी चांगला कागद मिळत नसे, म्हणून आम्ही पाच-सहा जणी मिळून यादी करायचो आणि कोणी छत्रपती संभाजीनगरला गेले की तिथल्या औरंगपुऱ्याच्या बाजारातून सगळ्यांचे साहित्य एकत्र यायचे.

आता ज्या गोष्टीसाठी मराठवाड्यात राहून ही पदवी घ्यावी असे मी मनापासून सांगेन, तिच्याकडे येते. अजिंठा आणि वेरूळ आपल्या अंगणात आहेत. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ ३० किलोमीटरच्या आसपास आणि अजिंठा सुमारे १०० किलोमीटर आहे. जगभरातून माणसे ज्यासाठी खर्च करून येतात, तेथे आपण एसटीचे तिकीट काढून जाऊ शकतो आणि पुन्हा पुन्हा जाऊ शकतो. या ‘पुन्हा पुन्हा’ला चित्रकलेच्या शिक्षणात फार अर्थ आहे. महाविद्यालयाने आम्हांला तिसऱ्या वर्षी नेले, एकाच दिवसात दोन्ही ठिकाणे दाखवली आणि हजेरी घेऊन परत आणले. त्या सहलीत मी काय पाहिले ते मला आठवत नाही. त्यानंतर आम्ही तिघी स्वतःहून गेलो, वर्षभरात पाच वेळा, आणि माझे खरे शिक्षण तेव्हा झाले. जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते.

अजिंठ्याच्या भिंतीने मला माझ्या घराच्या भिंतीची आठवण करून दिली. खडबडीत ठेवलेल्या खडकावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे धागे कालवून लिंपण केले आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात आहे, आणि तो वाळल्यानंतर रंग लावला आहे. युरोपातल्या फ्रेस्कोत ओल्या गिलाव्यावर रंगवतात, तशी ही पद्धत नाही. आई दिवाळीआधी माती, शेण आणि भुसा पायांनी तुडवून भिंत लिंपायची, तेव्हा भुसा कशाला, असे मी विचारले की म्हणायची, “भेगा पडू नयेत म्हणून.” जेथे लेण्यातला रंग उडाला आहे, तेथे लिंपणाची कड उघडी दिसते आणि तिच्यात तुसाच्या खुणा दिसतात. त्या कडेसमोर उभी असताना मला पहिल्यांदा वाटले की ही कला कोणा परक्याची नाही. रंगही बहुतेक मातीचेच आहेत : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि चुना. निळा तेवढा लाजवर्दी दगडाचा, आणि तो दगड अफगाणिस्तानातून येई. चित्रकाराने आधी गेरूच्या रेघेने आकृती बांधली आहे, आणि लेणे क्रमांक १ मधल्या पद्मपाणीसमोर उभे राहिले की एका रेघेला किती काम करता येते ते कळते. आम्ही फक्त पेन्सिल आणि छोटी वही घेऊन गेलो होतो. गर्दीच्या दिवशी रंगवलेल्या लेण्यांत फार वेळ थांबता येत नाही, म्हणून मी एका फेरीत एकच हात पाहायचा असे ठरवले होते. बाहेर येऊन ओढ्याकाठी बसून तो आठवून काढायचा आणि पुन्हा आत जाऊन ताडून पाहायचा. सीईटीत जे स्मरणचित्र मला जमले नव्हते, ते मी तेथे शिकले.

या लेण्यांची नक्कल करण्याचा इतिहासही प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी सांगायला हवा. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून येथे राहून मोठाल्या प्रतिकृती रंगवल्या, आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेचे, म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे, विद्यार्थी सोबत घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या, आणि त्यांतल्याही कित्येक १८८५ साली लंडनमध्ये आगीतच गेल्या. विशीतली ती मुले डोंगरात राहून, दिव्याच्या उजेडात भिंती पाहून काम करत होती, आणि आम्हांला त्यांच्याविषयी परीक्षेत दोन गुणांची टीप लिहायला सांगितली होती. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रांची डागडुजी करून घेतली. त्यांनी चित्रे टिकावीत म्हणून लाखेचे व्हार्निश लावले आणि काळाच्या ओघात ते पिवळे पडले. चौथ्या वर्षी आमच्या एका सरांनी व्हार्निशच्या तासाला हा दाखला दिला होता. पुढच्याच महिन्यात मी लेण्यात त्या पिवळसर थराकडे पाहत उभी होते, आणि स्वतःच्या चित्राला घाईने व्हार्निश न करण्याचा धडा मी तेथूनच घेतला.

वेरूळबाबत एकच सांगते. तेथील लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे रेखाटन करायचे असेल तर दुपारनंतर जावे, उतरते ऊन शिल्पांवर येते आणि सपाट वाटणारे उठाव उलगडतात. कैलास हे १६ क्रमांकाचे लेणे आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, वरून खाली कोरत आणले गेले. शिल्पकलेच्या विद्यार्थ्याला वर्गात मातीचे काम शिकवतात, त्यात चुकले तर आणखी माती लावता येते. कैलासाच्या कारागिराला ती मुभा नव्हती, कळसापासून सुरुवात करताना त्याच्या मनात पायथा पक्का असावा लागे. आमच्या वर्गातल्या शिल्पकलेच्या दोन मुलांनी डोंगराच्या वरच्या कडेवर बसून पूर्ण दिवस हेच रेखाटले, आणि त्यांच्या पुढच्या सत्राच्या कामात फरक पडलेला सगळ्यांनी पाहिला. याशिवाय आपल्या भागात औंढा नागनाथ आहे, खरोशाची लेणी आहेत, तेरचे वस्तुसंग्रहालय आहे, आणि माझ्याच तालुक्यात चारठाण्याची जुनी कोरीव मंदिरे आहेत, ज्यांच्या खांबांवर लहानपणी मी पाठ टेकून बसले होते आणि ज्यांचे पहिले धड रेखाटन मी विसाव्या वर्षी केले.

कलेचा इतिहास हा विषय आमच्याकडे सर्वांत कोरडेपणाने शिकवला गेला. टिपणे उतरवून दिली जात, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी संज्ञा पाठ कराव्या लागत, आणि मोठ्या पडद्यावर एखादे चित्र पंधरा मिनिटे पाहत त्यावर बोलण्याचा प्रसंग चार वर्षांत आला नाही. मुंबईत १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे ही सहा नावे मला आजही क्रमाने म्हणता येतात. पण रझांचे शिक्षण नागपूरच्या कलाशाळेत झाले होते आणि आरा सिकंदराबादजवळच्या बोलारमचे, म्हणजे ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत आपला मराठवाडाही होता त्याच संस्थानातले, हे मला नंतर स्वतः वाचून कळले. हे वर्गात सांगितले असते तर खेड्यातून आलेल्या आम्हां मुलांच्या पाठीवर हात ठेवल्यासारखे झाले असते. मूळ चित्र आणि छापील चित्र यांतला फरक मला पहिल्यांदा जहांगीर आर्ट गॅलरीत कळला, रंगाचा थर किती जाड आहे हे बाजूने वाकून पाहिले तेव्हा. मुंबईचा तो प्रवास आम्ही वर्गणी काढून केला होता.

उपयोजित कला शाखेविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही. माझ्या मैत्रिणींचा अनुभव असा की देवनागरी अक्षरांकन हाताने करून घेणारे एक सर तेथे उत्तम होते आणि संगणकाच्या बाबतीत परिस्थिती वाईट होती, एका यंत्रावर तिघे बसत. ज्यांना पुण्या-मुंबईत जाहिरात किंवा डिझाइनच्या कामाला जायचे आहे, त्यांनी सॉफ्टवेअर स्वतः शिकण्याची तयारी ठेवावी.

नोकरीचे म्हणाल तर, या पदवीने मला नेमणुकीचे पत्र दिले नाही, आणि कोणी तसे आश्वासन देत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे. शाळेत कलाशिक्षक व्हायचे असेल तर जाहिरातीतली पात्रता आधी वाचावी, कारण पुष्कळ ठिकाणी ए.टी.डी. मागतात आणि बी.एफ.ए. करून बसलेल्या उमेदवाराला नंतर पुन्हा तीच पदविका करावी लागते. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर एम.एफ.ए. ही पदव्युत्तर पदवी आणि दृश्यकला विषयातली नेट ही पात्रता परीक्षा हा मार्ग आहे. माझ्या वर्गातले काही जण मूर्तिकामात आहेत, दोघे ॲनिमेशनमध्ये, एक जण रंगमंचाच्या नेपथ्यात. मी व्यक्तिचित्रांची कामे घेते आणि मुलांना शिकवते. राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात माझे चित्र निवडले गेले नाही, पण पाठवण्याच्या निमित्ताने मी ते चार वेळा नव्याने रंगवले. विद्यार्थ्यांनी दर वर्षी पाठवावे असेच मी म्हणेन.

मुलींच्या पालकांसाठी थोडे. बाजारात, बसस्थानकावर, नदीकाठी बसून रेखाटन करणे हा अभ्यासाचा भाग आहे आणि तो टाळून चालत नाही. आम्ही नेहमी तिघी-चौघींनी जात होतो; गर्दी जमते, लोक वहीत डोकावतात, पण बहुतेक वेळा ते “माझंबी काढा” एवढेच म्हणतात. काही मुलींना घरून याची परवानगी नव्हती, आणि त्यांच्या निसर्गचित्रांत शेवटपर्यंत वसतिगृहाच्या गच्चीवरून दिसणारी पाण्याची टाकीच येत राहिली. याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्यांच्यातली एक आमच्या वर्गात सर्वांत चांगली रेघ काढणारी होती.

एकूण मिळून या अभ्यासक्रमाला मी पाचपैकी साडेतीन देईन. पूर्ण तीन पहिल्या वर्षाच्या शिक्षणाला आणि त्या दोन शिक्षकांना, आणि अर्धा अंतिम वर्षाच्या ज्युरीला, म्हणजे चित्रे समोर ठेवून होणाऱ्या तोंडी परीक्षेला, कारण बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रत्येकाशी अर्धा-अर्धा तास बोलून, चित्रासमोर उभे राहून, प्रश्न विचारले. राहिलेला दीड गुण कुलूप, मॉडेल आणि इतिहासाचा तास यांनी गमावला आहे. हे तिन्ही सुधारायला नवी इमारत लागत नाही.

यंदा माझा मावसभाऊ बारावी झाला. जूनमध्ये मी त्याला घेऊन दोन महाविद्यालये पाहायला गेले, दोन्हीकडे मुद्दाम दुपारी साडेतीननंतर, आधी न कळवता. पहिल्या ठिकाणी इमारत नवी होती, दर्शनी भिंतीवर मोठे म्युरल होते, कार्यालयात चहा मिळाला, आणि स्टुडिओ दाखवण्यासाठी शिपायाला किल्ली शोधावी लागली. आत डाँकी भिंतीशी एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्यांच्यावर धूळ होती. दुसऱ्या ठिकाणी स्टुडिओ म्हणजे पत्र्याची लांब शेड होती, आत उकाडा होता, पंखा एकच होता, आणि सुट्टी असूनही दहा-बारा मुले काम करत होती. टेबलावर दोन घागरी आणि एक सूप मांडलेले होते. एक मॅडम एका मुलीच्या बोर्डाजवळ उकिडव्या बसून, हात ताठ करून, घागरीचे तोंड पेन्सिलीने मोजत होत्या. आमच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. मावसभाऊ दारातच थांबला, मग पिशवीतून वही काढून एका रिकाम्या डाँकीवर जाऊन बसला. साडेसहाला मी त्याला उठवले तेव्हाही शेड उघडीच होती. त्याने पहिल्या पसंतीला तेच महाविद्यालय भरले आहे.